पोर्टलवर नाव आलं, पुढे काय?

(बंगळुरूतल्या शिवाजीनगरमध्ये पदवीधर मराठी तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिवाजीनगर म्हटलं की गावाकडच्या माणसांना पुण्याचं आठवतं. आपण जमलोय ते रसेल मार्केटजवळच्या शिवाजीनगरात. इथे कुणी कंपनीत नोकरी करतंय, कुणी पीएचडी, कुणी नेट पास होऊन जाहिरातीची वाट बघतंय. मला उच्च शिक्षणातल्या नोकऱ्यांवर बोलायला सांगितलंय. त्यातला एकच भाग मी घेते: तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी आणि त्यासाठी उमेदवारांनी नाव नोंदवायची ऑनलाइन पोर्टलं. मी समाजशास्त्रात संशोधन करते. तरी तत्त्वज्ञान घेतलं, कारण हा लहान विषय आहे. विभागात चार-सहा जागा असतात. मोठ्या विषयात आकड्यांखाली झाकलं जातं ते लहान विषयात उघडं पडतं.

दुसरं कारण गोपाळ गुरू. 2002 मध्ये त्यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रश्न विचारला की आपली सामाजिक शास्त्रं समतावादी आहेत का. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सिद्धान्त मांडायचं काम वरच्यांकडे राहिलं आणि अनुभव, माहिती पुरवायचं काम खालच्यांकडे आलं. पुढे 2012 मध्ये सुंदर सरुक्काईंबरोबर त्यांनी 'द क्रॅक्ड मिरर' हे पुस्तक लिहिलं, त्यातही हाच वाद आहे. तत्त्वज्ञान म्हणजे तर निव्वळ सिद्धान्ताचं खातं. त्या खात्यात कोण बसतं हा प्रश्न पगाराच्या पलीकडचा आहे. आज नेटच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात फुले आहेत, आंबेडकर आहेत. ते शिकवायला वर्गात कोण उभं राहणार, हे निवड समिती ठरवते.

आता पोर्टलं. मे 2023 मध्ये यूजीसीने 'सीयू-चयन' सुरू केलं. केंद्रीय विद्यापीठांच्या प्राध्यापकपदांच्या जाहिराती एका ठिकाणी दिसतात. एकदाच खातं उघडायचं, माहिती भरायची आणि विद्यापीठ, ठिकाण, पद, विषय यांनुसार जागा शोधायच्या. यूजीसीचं दुसरं शैक्षणिक नोकरी पोर्टल आहे, तिथे नेट, सेट, पीएचडी झालेले उमेदवार आपली माहिती नोंदवतात. परदेशातल्या तत्त्वज्ञानाच्या जागा 'फिलजॉब्स'वर येतात.

याचा फायदा खरा आहे. पूर्वी जागा निघाल्याची बातमी गाइडकडून, गाइडच्या मित्राकडून यायची. ज्याच्या घरात प्राध्यापक, त्याला आधी कळायचं. आता लोहा-कंधारच्या मुलीला आणि दिल्लीच्या मुलाला जाहिरात एकाच वेळी दिसते. पण पोर्टल फक्त आत येण्याचं दार दाखवतं. निवड कशी झाली ते दाखवत नाही. म्हणून पोर्टलवर नाव टाकून वाट बघत बसू नका. भरलेली प्रत्येक ओळ म्हणजे उद्या हिशेब मागायचा पुरावा आहे, असं समजून ती भरा.

आधी जाहिरात वाचायला शिकू. जागा राखीव आहे की नाही हे रोस्टरवरून ठरतं. तेरा बिंदूंच्या रोस्टरमध्ये चौथी जागा ओबीसीला, सातवी एससीला आणि एसटीला थेट चौदावी. 5 मार्च 2018 ला यूजीसीने परिपत्रक काढून विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरायला सांगितलं. आता सहा जागांचा तत्त्वज्ञान विभाग घ्या. चौथी जागा ओबीसीला मिळाली, पण सातवी जागाच नाही, मग एससीचा नंबर लागणार कुठून? एसटीचं तर नावच नको. आरक्षण कायद्यात राहिलं आणि विभागात शून्य झालं. देशभर आंदोलनं झाली, मार्च 2019 मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. आता केंद्रीय संस्थांमध्ये अख्खी संस्था हे एकक आहे. म्हणून तत्त्वज्ञानाची एकच जागा निघाली आणि ती एससीसाठी असेल, तर ती कुणाची मेहेरबानी नाही. त्यामागे रस्त्यावर उतरलेली माणसं आहेत.

त्यानंतरही 2023 च्या अखेरीस यूजीसीच्या एका मसुद्यात राखीव जागा अनारक्षित करण्याची तरतूद आली होती. ओरड झाल्यावर जानेवारी 2024 मध्ये मंत्रालयाला सांगावं लागलं की 2019 च्या कायद्यात असं करता येत नाही. मसुदेही वाचत जा.

आता गुणांचा हिशेब. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकासाठी शंभर गुणांचा तक्ता आहे. पदवीला 80 टक्क्यांच्या वर असाल तर 15 गुण, 55 च्या खाली असाल तर फक्त 5. पीएचडीला 30. जेआरएफसह नेटला 7, नुसत्या नेटला 5, सेटला 3. शोधनिबंधाला प्रत्येकी 2 आणि जास्तीत जास्त 10. अनुभवाला वर्षाला 2, तेही जास्तीत जास्त 10. आपल्यातल्या अनेकांनी बीए करताना कामं केलेली असतात. तिथे गेलेले दहा गुण परत येत नाहीत. पाच चांगले निबंध आणि पाच वर्षांचा अनुभव मात्र हातात आहे. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर नेमणुकीचं पत्र, पगाराची नोंद, प्राचार्यांचा दाखला दरवर्षी घेऊन ठेवा. नंतर मागायला गेलं की दप्तर सापडत नाही.

एक रकाना आपण घाईत भरतो: विशेष अभ्यासाचं क्षेत्र. तत्त्वज्ञानात या रकान्याला फार वजन आहे. परदेशी जाहिरातीत तर तुमचं मुख्य क्षेत्र कोणतं आणि याशिवाय काय शिकवू शकता, हे वेगवेगळं विचारतात. तुमचा प्रबंध आंबेडकरांवर असेल आणि तुम्ही नुसतं 'दलित अभ्यास' लिहिलंत, तर शोधणारा तुम्हाला तत्त्वज्ञानाबाहेर काढून मोकळा होतो. राजकीय तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, बौद्ध तत्त्वज्ञान, यांतलं जे खरंच करता ते स्पष्ट लिहा आणि त्याखाली आंबेडकर लिहा. बाबासाहेब कोलंबियात जॉन ड्युईंच्या वर्गात बसले होते. ते तत्त्वज्ञानाच्या मुख्य प्रवाहातलेच आहेत, आपण त्यांना कोपऱ्यात का ठेवायचं?

महाराष्ट्रातून इथे आलेल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. महाराष्ट्राचा एससी-एसटीचा दाखला कर्नाटक सरकारच्या नोकरीत आरक्षणासाठी चालत नाही. स्थलांतरितांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1990 पासून हीच भूमिका घेतली आणि 2018 च्या बीर सिंग निकालात ती कायम ठेवली. म्हणजे इथल्या सरकारी पदवी महाविद्यालयात तुम्ही खुल्या गटात. केंद्रीय संस्थांत मात्र, कलबुर्गीच्या केंद्रीय विद्यापीठात धरून, दाखला चालतो. तो केंद्राच्या नमुन्यात हवा. ओबीसींचं नॉन-क्रीमी लेयर किती ताजं लागतं ते प्रत्येक जाहिरातीत तपासा. खासगी विद्यापीठांना प्राध्यापक भरतीत आरक्षणाचं बंधनच नाही.

आणि आता मुलाखत. 2018 च्या नियमावलीत साफ लिहिलंय की तो शंभर गुणांचा तक्ता फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं यासाठी. निवड फक्त मुलाखतीवर. म्हणजे वर्षानुवर्षं कमावलेले गुण खोलीच्या दाराशी काढून ठेवायचे, चपलांसारखे. आत काही मिनिटं. आणि मग राखीव जागेपुढे शेरा येतो, 'कुणीही योग्य आढळले नाही'. ज्यांना तक्त्याने योग्य ठरवून बोलावलं, ते सगळे एकदम अयोग्य कसे झाले? हे कारण पोर्टलवर कुठेच दिसत नाही.

म्हणून कागद धरा. अर्जाची प्रत, शुल्काची पावती, गुणपत्रक, मुलाखतीचं पत्र एका फाइलीत ठेवा. निकालानंतर माहिती अधिकारात अर्ज करा. केंद्रीय संस्थेला दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. माझे तक्त्यातले गुण किती, प्रवर्गनिहाय किती जणांना बोलावलं, रोस्टर नोंदवहीत हा बिंदू कोणता, हे विचारा. नियमावलीप्रमाणे अर्जदारांत एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील आणि समितीत त्या गटातलं कुणी नसेल, तर कुलगुरूंनी तसा प्रतिनिधी नेमायचा असतो. तो होता का, हेही विचारा.

हे एकट्याने जमत नाही. शिफारस कुणाची द्यायची, हा आपल्या घरात कुणाला न पडलेला प्रश्न आहे. मामा-काकांत प्राध्यापक नसतो. म्हणून एकमेकांचे अर्ज वाचा, परिषदेत निबंध वाचल्यावर तिथल्या शिक्षकांना नंतरही पत्र लिहीत राहा, ओळख अर्जाच्या आदल्या रात्री होत नाही. आणि एक मागणी सगळ्यांनी मिळून करू: ज्या पोर्टलवर जाहिरात येते, त्याच पोर्टलवर प्रत्येक जागेचा शेवट यावा. अर्ज किती, बोलावले किती, कोणत्या प्रवर्गातले, निवड झाली की जागा रिकामी ठेवली, आणि ठेवली तर का. अर्ज करताना ते आपल्याकडून जन्मतारखेपासून सगळं भरून घेतात. त्यांनीही एवढे चार रकाने भरावेत.

जय भीम.