शाईची पारख



या व्यासपीठावर आजवर इतिहासाचे, वाङ्मयाचे आणि शास्त्राचे मोठमोठे जाणकार बोलून गेले. त्यांच्या मागोमाग आम्हांला उभे करताना चालकांनी विषय विचारला. आम्ही 'शाई' असे म्हणताच त्यांना वाटले, आम्ही लेखणीच्या सामर्थ्यावर वगैरे बोलणार. तसे काही नाही. आम्ही बोलणार आहोत ते दुकानात बाटलीत मिळते त्या, फाउंटनपेनात भरतात त्या शाईबद्दल. ती कशी तपासावी आणि एका शाईशी दुसरी ताडून कशी पाहावी, एवढाच आजचा विषय. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. चौदाव्या वर्षी मागावर उभे राहिलो. रसायनशास्त्र जे थोडेफार कळले ते गावच्या वाचनालयात, आणि त्याहून अधिक एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर. तेव्हा चुकले तर दोष ओसरीचा नव्हे, आमचा.

कामगारांत हिंडणाऱ्या माणसाला शाईचा नाद का लागावा, हे आधी सांगितले पाहिजे. 2005 साली कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. इचलकरंजीत आमच्या युनियनची कचेरी तेव्हा सखल भागात होती. पाणी उतरल्यावर लोखंडी ट्रंक उघडली. आत सभासदांची नोंदवही, वर्गणीच्या वह्या आणि सभांची इतिवृत्ते होती. चिखल फारसा गेला नव्हता, पण पाणी भरपूर गेले होते. पाने एकेक सोडवून आम्ही दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर पाहतो तो 1996 नंतरची बहुतेक पाने निळसर ढगांनी भरलेली. नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही. त्या आधीची पाने मात्र, डागाळली होती तरी, अक्षर न् अक्षर वाचता येत होते.

कागद एकाच दुकानचा, ट्रंक एकच, पाणीही एकच. फरक एवढाच, की 1996 पर्यंत आमचे जुने खजिनदार लिहीत. ते ब्लू-ब्लॅक शाईवाचून दुसरीला हात लावीत नसत. त्यांच्यामागे वही आमच्याकडे आली आणि आम्ही झकास निळी शाई आणली. ती दिसे छान, पेनातून वाहे छान आणि सदऱ्याला लागली तर धुऊन जाई. सदऱ्यावरून जाणारी शाई वहीवरूनही जाईल, हे आमच्या ध्यानात आले नाही. खजिनदारांच्या त्या काळपट शाईची आम्ही थट्टादेखील केली होती.

आता त्या पानांत काय होते ते सांगतो. मागावरच्या कामगाराला नेमणुकीचे पत्र क्वचितच मिळे. आपण अमुक वर्षापासून अमुक कारखान्यात आहोत हे तो कशाने दाखवणार? वर्गणीच्या वहीत दरमहा त्याचे नाव, कारखान्याचे नाव आणि सही किंवा अंगठा असे. पुरावा दुय्यम खरा, पण तडजोडीच्या टेबलावर तो उपयोगी पडे. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट होती. आमच्याकडे एक कांडीवाली बाई होती. तिने अकरा वर्षे एकाच ठिकाणी कांड्या भरल्या होत्या. मालक म्हणत, तीनच वर्षे झाली. तिची आठ वर्षे त्या निळ्या ढगांत होती. शेवटी निम्म्याहून कमी रकमेवर प्रकरण मिटवावे लागले. ती आम्हांला काही बोलली नाही. "पुराला कोण काय करणार, भाऊ," एवढेच म्हणाली. पूर आम्ही आणला नव्हता. शाई मात्र आम्हीच आणली होती.

तेव्हापासून हा नाद.

काळी शाई आपल्याकडे जुनी. दिव्याचे काजळ बाभळीच्या डिंकात खलून ती करीत आणि बोरूने लिहीत. काजळ म्हणजे कोळसाच. उन्हाने तो विटत नाही आणि ब्लीचिंग पावडरने त्याचे काही बिघडत नाही. म्हणून मोडी दफ्तरे आजही काळीभोर दिसतात. तिची दुबळी बाजू पाण्याची. कोळशाचे कण कागदावर डिंकाने चिकटलेले असतात. ओल लागली की डिंक सुटतो. शिवाय ही शाई फाउंटनपेनात भरली की पेनाची जीभ चोंदून जाते.

दुसरी जात लोखंडाची. आमच्या आया-बहिणींना तिचे रसायन न शिकता ठाऊक असते. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो; तीच ही शाई. आवळ्यात, हिरड्यात, चहात आणि सर्वांत अधिक मायफळात तुरट द्रव्य असते. त्याची हिराकसाशी गाठ पडली की प्रथम फिकट रंग होतो, आणि हवा लागत जाईल तसतसा तो काळा होतो. हा काळा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. शाई पातळ असतानाच कागदाच्या तंतूंत शिरलेली असते, आणि तिथे गेल्यावर ती पक्की होते. अठराव्या शतकात विल्यम लुइस नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने निरनिराळ्या प्रमाणांनी शाया करून पाहिल्या. त्याला मायफळांचे तीन भाग आणि हिराकसाचा एक हे प्रमाण टिकाऊ वाटले. पुढे अमेरिकन सरकारने आपल्या कचेऱ्यांसाठी मापच ठरवून दिले. साध्या लिखाणाच्या शाईत लिटरमागे 11.7 ग्रॅम टॅनिक आम्ल, 3.8 ग्रॅम गॅलिक आम्ल आणि 15 ग्रॅम हिराकस. कायमच्या दप्तराच्या शाईत या तिन्ही वस्तू दुप्पट. लिहिताना ही शाई फिकी दिसते म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. लिहिताना निळी आणि मागाहून काळी, म्हणून ती 'ब्लू-ब्लॅक'. आमच्या खजिनदारांचे गुपित एवढेच होते.

तिसरी जात नुसत्या रंगाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग. आज दुकानात दिसतात त्यांतल्या बहुतेक शाया या जातीच्या. त्या पेनाला निर्धोक आणि दिसायला देखण्या. पण जो पाण्यात विरघळून आला तो पाण्याबरोबर जायलाही तयार असतो. अपवाद आहेत, पण ते बाटलीकडे पाहून ओळखता येत नाहीत. अलीकडे जपानी कारखान्यांनी कोळशाचे कण अतिशय बारीक करून पेनात चालणाऱ्या काळ्या शाया काढल्या आहेत. त्या चांगल्या, पण महाग. आणि पेन उघडे विसरलात तर त्या तुम्हांला क्षमा करीत नाहीत.

आता पारख. 2006 च्या चैत्रात आम्ही सात शाया जमवल्या. नावे वाचून मन आधीच कौल देते, म्हणून एका सहकाऱ्याने सातही शाया सारख्या बाटल्यांत ओतल्या आणि त्यांवर नुसते आकडे घातले. कोणती कुठली हे त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर. पेन एकच ठेवले. प्रत्येक शाईनंतर ते निर्मळ पाणी येईतो धुतले. कागद मात्र दोन घेतले, एक चांगल्या खातेवहीचा आणि एक आमच्या पावतीपुस्तकाचा स्वस्त. हे फार महत्त्वाचे. खातेवहीवर रेघ सुईसारखी उमटवणारी शाई स्वस्त कागदावर सुरवंटासारखी फुटते आणि पाठीमागे उमटते. ज्या कागदावर लिहायचे त्यावर तपासली नाही तर शाई तपासलीच नाही असे समजावे.

पहिल्या फेरीत आमची फजिती झाली. लिहून दहा मिनिटांत कागद पाण्यात घातला आणि सातही शाया वाहिल्या, ब्लू-ब्लॅकसुद्धा. आम्ही हताश होऊन गुरुजींच्या ओसरीवर गेलो. ते हसले आणि म्हणाले, "अहो, तिला हवा तरी खाऊ द्या!" लोखंडाच्या शाईला काळे व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या फेरीत आठ दिवस थांबलो. मग कागद परातीत चोवीस तास बुडवून ठेवला. या वेळी ब्लू-ब्लॅकमधला निळा रंग थोडा सुटला, पण खाली करड्या-काळ्या रेघा जशाच्या तशा राहिल्या. आमची लाडकी निळी तीन नंबरची निघाली. तिच्या कागदावर काही लिहिले होते एवढेच कळत होते. काय लिहिले होते हे कळत नव्हते.

उन्हाची परीक्षा सोपी, पण तिला धीर लागतो. प्रत्येक शाईच्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीत तीन महिने लावला. झाकला भाग उघड्याशी ताडून पाहिला की निकाल डोळ्यांना दिसतो. गुलाबी आणि जांभळी आधी गेल्या. निळी करडी पडली. ब्लू-ब्लॅकचा निळेपणा उडाला, अक्षर राहिले. कोळशाच्या शाईला ऊन लागल्याचे कळलेच नाही.

तिसरी परीक्षा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची. आपण म्हणाल, वहीवर ब्लीचिंग पावडर कोण टाकतो? कोणी टाकतो, बरे का. एका कारखान्याच्या व्हाउचरवर कामगाराच्या सहीवरची रक्कम औषधाने उडवून दुसरी घातलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. निळी शाई तिथे घटकाभरही टिकत नाही. लोखंडाची शाई फिकटते, पण गंजासारखा पिवळट माग सोडते. निदान इथे काही होते एवढे तरी तो ओरडून सांगतो. तिलाही एक शत्रू आहे, ऑक्झॅलिक आम्ल. लोखंडाचे डाग काढतात ते हेच. लिंबाचा रसही थोडेफार तेच काम करतो. सर्वगुणसंपन्न शाई आम्हांला अजून भेटलेली नाही.

बाटलीवरच्या शब्दांवर विसंबू नये. 'परमनंट' म्हणजे पुष्कळदा कपड्यावरून निघत नाही एवढेच. कागदावर शंभर वर्षे टिकेल असे नव्हे. 'ब्लू-ब्लॅक' हेही आता बऱ्याच ठिकाणी नुसते रंगाचे नाव झाले आहे. आत लोखंडाचा कण नसतो. जर्मनीतल्या पेलिकन 4001 मालिकेतली ब्लू-ब्लॅक लोखंडाची आहे, आणि इंग्लंडात जन्म-विवाहाच्या नोंदीसाठी केलेल्या 'रजिस्ट्रार्स' नावाच्या शाया लोखंडाच्या असतात. हाती आलेली दुसरी बाटली घरी तपासावी. आठ दिवसांपूर्वी लिहिलेल्या ओळीवर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाका. तांबूस-पिवळा माग राहिला तर लोखंड आहे. आतला रंग एकच आहे की मिसळलेला, हे पाहायचे तर टिपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवा. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढेल तसे रंग वेगळे होत जातात. मुलांना हा खेळ फार आवडतो.

लोखंडाच्या शाईचा त्रासही सांगितला पाहिजे, नाहीतर आम्ही तिचे दलाल ठरू. ती आंबट असते. साधी पोलादी निब तिने कालांतराने खरवडते, आणि पेनात सुकली तर गाळ धरते. दर पंधरा दिवसांनी पेन साध्या पाण्याने धुवावे. एका शाईवर दुसरी कधी ओतू नये. आंबट आणि खारी शाई एकत्र आली की साका बसतो. टाकासाठी केलेली दाट शाई तर फाउंटनपेनात चुकूनही भरू नये.

बॉलपेन का नको, असे तरुण मंडळी विचारतात. नको असे आम्ही म्हणतच नाही. पावतीखाली कार्बन घालायचा तर बॉलपेनच हवे, आणि त्याची तेलकट शाई पाण्यात बरीच टिकते. पण काही बॉलपेनांची अक्षरे उन्हात विटतात. म्हणून दस्तऐवजांच्या बॉलपेनांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात पाणी, प्रकाश, आम्ल, ब्लीच, खोडरबर अशा परीक्षा असतात. आमच्या परातीशी त्याचे नाते पाहून आम्हांला थोडे बरे वाटले. मतदानाच्या बोटावरची शाई वहीला चालेल का, असेही एकाने विचारले होते. ती चांदीच्या क्षाराची. कातडीला धरते म्हणून ती बोटाची. वहीसाठी नव्हे.

आता आमची नोंदवही आणि इतिवृत्त लोखंडाच्या शाईत आहेत. 2019 साली पुन्हा पाणी आले. तोवर वह्या आम्ही वरच्या मजल्यावर नेल्या होत्या, त्यामुळे शाईची परीक्षा झालीच नाही. ती न झालेलीच बरी. नव्या नोंदींच्या प्रती संगणकातही असतात. मात्र अंगठा आणि सही अजून कागदावरच घेतो.

सात शायांच्या पट्ट्या आम्ही बरोबर आणल्या आहेत. त्या त्या टेबलावर मांडल्या आहेत. त्यांच्याखाली 2005 च्या वहीचे एक पानही आहे, ते अवश्य पाहावे. हात ओले असतील तर मात्र तीन नंबरला लावू नयेत. ती अजून बोटांना लागते.