नगरपालिकेचा नोकर कोणाचा?



महोत्सवाच्या सभेत गौरवाची भाषणे व्हायची, तेथे मी नोकरभरतीसारखा रुक्ष विषय घेतला याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या ट्रस्टच्या कचेरीत मदतीच्या अर्जांइतक्याच खेपा शिफारसपत्रांसाठी होतात, हे आपण सर्वजण जाणतो. "मुलाला पालिकेत चिकटवून द्या" ही विनवणी नेमकी कोणाच्या दाराशी न्यायची, एवढे तरी समजून घ्यावे.

पूर्वी गोव्यात गावाचे नोकर गावाचेच असत. गावकरी संस्था त्यांना 'नमशी'ची जमीन तोडून देई, आणि ती कसून न्हावी, लोहार, देवळाचे सेवेकरी आपापली सेवा बजावीत. नियंत्रण पुरते स्थानिक. परंतु काम जातीला आणि घराण्याला बांधलेले. त्या घराबाहेरच्याला तेथे वाव नसे. स्थानिक सत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

पोर्तुगीज राजवट 1961 साली संपली आणि 1968 च्या कायद्याने आजच्या नगरपालिकांची घडी बसली. म्हापशाचे नगरसेवक आपण निवडून देतो. मुख्याधिकारी मात्र सरकार नेमते आणि सरकारच बदलते. नवे पद निर्माण करायचे तर सरकारची मंजुरी लागते. पंचायतीतही तीच तऱ्हा. पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या सरपंचाशेजारी बसणारा सचिव हा सरकारी नोकर. गावाची माहिती होते न होते तोच त्याची बदली व्हायची. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली. तिच्या बाराव्या अनुसूचीत पाणी, रस्ते, स्वच्छता असे 18 विषय आहेत. कामांची यादी झाली. ती करणारी माणसे कोणी नेमावीत, हे राज्यांच्या कायद्यांवर राहिले. माझ्या मते दुखणे येथेच आहे.

पत्रादेवीचा नाका ओलांडून पाहा. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शिक्षक हा परिषदेचा नोकर. पण त्याची निवड आता राज्याच्या 'पवित्र' पोर्टलमार्फत होते, आणि 2018 साली बदल्याही राज्याच्या संगणकप्रणालीने झाल्या. पुढाऱ्यांचे उंबरे झिजवणे वाचले, म्हणून पुष्कळ शिक्षकांना बरे वाटले. मीही शिक्षक आहे, तो आनंद मला समजतो. पण शाळेत शिक्षकच आला नाही, तर पालकांनी जाब संगणकाला विचारायचा काय?

असो. पद मंजूर नसले तरी काम थांबत नाही. शुक्रवारचा बाजार उठल्यावर पडलेला कचरा कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही. मग कोणाच्या तरी शब्दावर रोजंदार घेतले जातात, आणि मुलाला वाटते, आज ना उद्या आपण कायम होऊ. अशा मुलांच्या आईबापांनी उमादेवी खटल्याचा निकाल ऐकून ठेवावा. 10 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, जाहिरात आणि खुली स्पर्धा टाळून मिळालेल्या नोकरीतून कायम होण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. मंजूर पदावर दहा वर्षे काढलेल्यांपुरती एकवारची सवलत होती. 2024 च्या डिसेंबरात जग्गो खटल्यात त्याच न्यायालयाने, या निकालाची ढाल करून माणसांना वर्षानुवर्षे हंगामी म्हणून राबवू नये, असे बजावले. हा दिलासा खराच. पण कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात ऐन उमेदीची वर्षे जातात.

सफाई, पाणी, दिवाबत्ती यांची माणसे नगरानेच नेमावीत, हजेरी आणि शिस्त नगरानेच पाहावी, असे मला वाटते. मात्र पदे, पात्रता आणि प्रत्येक उमेदवाराचे गुण फलकावर लागले पाहिजेत. नगराचे पद ही अनामत आहे. हा मराठी शब्द मूळचा आपला 'अमानत'च. विश्वस्तांना त्याचा अर्थ मी काय सांगावा?

म्हणून माझी सूचना अशी: ट्रस्टच्या शिक्क्याने शिफारसपत्रे देणे या वर्षापासून बंद करावे. त्याऐवजी नोकरीच्या जाहिराती कचेरीच्या फळ्यावर लावाव्यात, अर्ज भरून द्यावेत आणि परीक्षांसाठी रविवारचा वर्ग काढावा. गणित आणि मराठी शिकवायला मी येईन. इंग्रजीसाठी कोणी पुढे यावे.