शिपायाच्या वेशातला राजा

पांढुर्णा-सौंसरकडचा मुलूख आज मध्य प्रदेशात असला तरी तो पूर्वी नागपूरकर भोसल्यांचा. नोव्हेंबर १८१७मध्ये नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांविरुद्धची सीताबर्डीची लढाई हरले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं. पण मे महिन्यात, जबलपूरच्या अलीकडे, पहाऱ्यावरच्या शिपायांना फितवून आप्पासाहेब शिपायाच्याच वेशात निसटले!

ते शिरले महादेवाच्या डोंगरात, म्हणजे पचमढीच्या रानात. चैनशाह या गोंड सरदाराने त्यांना थारा दिला. त्यांच्या बाजूने गोंड लढले, अरब लढले. इंग्रजांच्या कॅप्टन स्पार्क्सची तुकडी बैतूल भागात कापली गेली. मला तर राजापेक्षा हे गोंडच मोठे वाटतात; हरलेल्याला घरात घेणं म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा रोष ओढवून घेणंच होतं.

आप्पासाहेब पुढे असीरगडमार्गे पंजाबात गेले आणि १८४०मध्ये जोधपुरात वारले. इकडे नागपूरच्या गादीवर बसवलेले तिसरे रघूजी १८५३मध्ये निपुत्रिक गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि राजवाड्यातले दागिने, हत्ती-घोडेसुद्धा लिलावात काढले.