घरपट्टी वाढते तेव्हां
(अकोला येथें घरमालक व नवें घर घेऊं पाहणाऱ्या मंडळींपुढें झालेलें भाषण)



घरपट्टीवर बोलायचें ठरलें तेव्हां एक गृहस्थ म्हणाले, “त्यांत बोलायचें काय? वाढली कीं मोर्चा काढायचा!” मोर्चा जरूर काढा. पण मोर्चा संपल्यावर लोक घरीं जातात आणि बिल तसेंच राहतें. म्हणून आज मी बिलाविषयींच बोलणार आहें.

आपल्या अकोल्याचीच हकीकत घ्या. २००१ सालीं येथें महानगरपालिका झाली. आकारणीचें पुस्तक निदान चार वर्षांतून एकदां नव्यानें तयार करावें, असा कायदा आहे. पण येथें २०१७ पर्यंत फेर-आकारणी झालीच नाहीं. आपणही विचारलें नाहीं. पट्टी वाढत नाहीं, मग कशाला बोला! पुढें घरोघर मोजमाप होऊन २०१७-१८ पासून नवी आकारणी लागू केली, तेव्हां सोळा वर्षांचें ओझें एकदम डोक्यावर आलें. थोडीथोडी चढती तर गरिबानेंही कुरकुरत भरली असती. निजलेली पालिका जागी झाली, पण तिच्या निजेची किंमत मात्र घरवाल्यानें मोजायची, हा कोठला न्याय?

ओरड झाली, जनहित याचिका झाली. २०१९ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ही वाढ रद्द केली. पुष्कळांना वाटलें, सुटलों! परंतु पालिका सर्वोच्च न्यायालयांत गेली, आणि २०२५ सालीं निकाल लागला तो पालिकेच्या बाजूनें. कराचे दर ठरविणें हें पालिकेचें काम, न्यायालयांनीं त्यांत शिरूं नये, असा त्याचा आशय. म्हणजे दराचें भांडण आतां सभागृहांत, आपण निवडून दिलेल्या माणसांशींच करावयाचें.

मग तुमच्या हातीं काय उरलें? तुमच्या घराची नोंद. पट्टी निघते कशी तें पाहा. समजा, तुमच्या घराचें वर्षाचें भाडें ३०,००० रुपये येऊं शकेल असें धरलें. तुम्ही स्वतः राहतां, भाड्याची पैही घेत नाहीं, तरी हें अजमासाचें भाडें धरतातच. त्यांतून दुरुस्तीसाठीं दहा टक्के वजा करून राहिले २७,०००. हें करयोग्य मूल्य. यावर ठरल्या टक्क्यानें पट्टी बसते. तेव्हां टक्का तोच राहूनही पट्टी वाढूं शकते. मागची पडवी खोली म्हणून लिहिली, गोठ्याचें दुकान झालें, कीं मूल्य चढलें. पूर्वीं पटवाऱ्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे तें कुणब्याला कळत नसे. आतां संगणकांत काय भरलें आहे तें कळत नाहीं.

मूल्य वाढविलें तर पालिकेनें तुम्हांला वेगळी लेखी नोटीस दिली पाहिजे. नोटिशींत दिलेल्या मुदतींत लेखी हरकत द्या, पोंच घ्या. तरीही समाधान न झालें तर न्यायाधीशाकडे अपील करतां येतें. मात्र मागितलेली रक्कम आधीं भरावी लागते. ही अट गरिबाला जाचकच आहे. म्हणून खरी लढाई हरकतीच्या वेळींच लढावी. आणि वाद चालूं आहे म्हणून पट्टी थकवूं नका. शास्ती दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस! सावकारानेंही मान खालीं घालावी.

२०१६ सालीं शिवणी, मलकापूर, खडकी यांसारखीं चोवीस गांवें शहरांत आलीं. ग्रामपंचायतीची पट्टी भरणाऱ्यांना महानगरपालिकेची पट्टी एकदम लावूं नये, ती टप्प्याटप्प्यानें चढवावी, अशी तरतूद कायद्यांत आहे. या गांवच्या मंडळींनीं जुन्या पावत्या चुलींत घालूं नयेत.

आतां घर घेणाऱ्यांविषयीं. अमरावतीहून आलेल्यांनींही ऐकावें. तेथील महानगरपालिका १९८३ सालची, पण कायदा एकच. घरपट्टीची थकबाकी हा त्या घरावरचा पहिला बोजा असतो. विकणारा पैसे घेऊन जातो, वसुलीचा कारकून तुमच्या दारांत येतो. अहमदाबादेंत लिलावांत घर घेतलेल्या एकाला १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या बोजांतून सोडविलें, कारण त्याला थकबाकीची खबर नव्हती. पण तेवढ्यासाठीं दिल्ली गांठण्यापेक्षां इसार देण्यापूर्वीं पालिकेंतून थकबाकी नसल्याचा दाखला मागणें स्वस्त पडतें. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, आणि बेकायदेशीर बांधकामावर पट्टी बसली म्हणून तें कायदेशीर होत नाहीं. दलाल नेमकें उलटें सांगतो. खरेदीखत झाल्यावर तीन महिन्यांच्या आंत पालिकेला कळवून नांव बदलून घ्या. विकणाऱ्यानेंही कळवावें, नाहींतर विकलेल्या घराची पट्टी त्याच्याच नांवावर चढत राहते.

ज्यांनीं बिलें बरोबर आणलीं आहेत त्यांनीं तीं आतां पुढें द्यावीं. एकेक उघडून पाहूं.