फुप्फुसातील गाठ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया
(वसमत येथील व्याख्यान)



छाती न फाडता, लहान छेदांतून दुर्बीण घालून फुप्फुसातील गाठ काढता येते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे कुणाला वाटेल. परंतु "फोटोत डाग निघाला" हे वाक्य आपल्या भागातील कितीतरी घरांत ऐकू येते. त्या डागाचे पुढे काय केले जाते, यावर घरच्या कर्त्या माणसाचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रथम डाग म्हणजे काय ते पाहू. एक्स-रे ही केवळ सावली आहे. ती क्षयाची असू शकते, जुन्या बऱ्या झालेल्या जखमेच्या व्रणाची असू शकते, क्षयाने पडलेल्या पोकळीत वाढलेल्या बुरशीच्या गोळ्याची असू शकते. कुत्र्यामार्फत पसरणाऱ्या जंतामुळे होणारी, पाण्याने भरलेली हायडॅटिडची गाठ असू शकते. ती साधी, निरुपद्रवी गाठ असू शकते आणि कर्करोगही असू शकतो. नुसत्या सावलीवरून यांतले नेमके काय, हे ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी बेडका तपासावा लागतो, सीटी स्कॅन करावा लागतो आणि गरज पडल्यास गाठीचा तुकडा काढून पाहावा लागतो. मात्र हायडॅटिडची शंका असेल तर सुई टोचत नाहीत, कारण गाठ फुटली तर जिवावर बेतू शकते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोग झालेले एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रुग्णाला वाचविले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि पुढे तीस वर्षे जगला. डॉ. ग्रॅहम यांना सिगारेटचे व्यसन होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा अभ्यास त्यांनीच सहकाऱ्यासह १९५० साली प्रसिद्ध केला आणि १९५७ साली त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. विडी ओढणाऱ्या बांधवांना यापेक्षा अधिक काय सांगावे?

त्या पद्धतीत पाठीपासून बगलेखालून पुढपर्यंत मोठा छेद घेत आणि लोखंडी साधनाने बरगड्या फाकवीत. बरगड्यांमधल्या नसा दबल्यामुळे कित्येकांना महिनोन् महिने दुखत राही. हातावर पोट असणाऱ्या माणसाला हे दुखणे मूळ रोगाइतकेच महाग पडते.

छातीत नळी घालून आत डोकावण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनचे डॉ. याकोबेउस यांनी १९१० मध्ये ती मांडली आणि पुढे तिचा उपयोग क्षयरोग्यांच्या छातीतील चिकटलेले पडदे सोडविण्यासाठी झाला. आपल्या महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये दुर्बिणीने पोट तपासण्याचे काम सुरू केले आणि १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, ती मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. गोरगरीब ज्या दारात जातात, तिथेच या विद्येने आपल्या देशात पाऊल ठेवले. त्याच सुमारास, १९९० च्या दशकाच्या आरंभी, लहान कॅमेऱ्याच्या साहाय्याने फुप्फुसाच्या शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या.

ही शस्त्रक्रिया कशी होते? रुग्णाला पूर्ण भूल देऊन कुशीवर झोपवतात. श्वासनलिकेत दोन मार्गांची नळी घालतात, म्हणजे एका फुप्फुसाने श्वास चालू राहतो आणि ज्यावर काम करायचे ते दुसरे फुप्फुस हवा सोडून आक्रसते. बरगड्यांच्या मधून एक ते चार लहान छेद घेतात. एकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. सर्जन पडद्यावर पाहून काम करतो. स्टेपलर नावाचे यंत्र फुप्फुस कापते आणि त्याच वेळी टाके घालून कडा बंद करते. सुटलेली गाठ पिशवीत भरून तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात, म्हणजे तिचे कण छातीत सांडत नाहीत. शेवटी फुप्फुस पुन्हा फुगवतात आणि हवा व पाणी निघून जाण्यासाठी काही दिवस नळी ठेवतात.

याचा लाभ मोजला गेला आहे. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ५०३ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुर्बिणीचे रुग्ण पाच आठवड्यांनंतर दैनंदिन कामात अधिक सक्षम होते, आणि रोग काढण्यात ही पद्धत उणी ठरली नाही. त्याच वर्षी जपानमधील १,१०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन मोठे भाग असतात. कर्करोगात असा अख्खा भाग काढण्याची रीत होती. फुप्फुसाच्या कडेला असलेली गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतच असेल तर त्या भागाचा लहान तुकडा काढूनही रुग्ण तितकेच, किंबहुना थोडे अधिक जगतात, असे त्यात दिसले.

मित्रहो, या आकड्यांतील अट नीट ध्यानात घ्या: दोन सेंटिमीटर. लहान छेद आणि थोडे फुप्फुस हा लाभ मुख्यतः लवकर येणाऱ्याच्या वाट्याला येतो. गाठ मोठी झाली, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली, तर छाती उघडावी लागते. रोग शरीरात पसरला तर बहुधा शस्त्रक्रियेचा मार्गच उरत नाही. जुन्या क्षयामुळे फुप्फुस छातीला चिकटलेले असले तर दुर्बिणीने सुरू केलेले काम सर्जनला मोठा छेद घेऊन पुरे करावे लागते. त्यात कमीपणा नाही, रुग्णाचा जीव पहिला.

मग उशीर कुठे होतो? हळद शिजवण्याच्या दिवसांत धूर, पॉलिशच्या वेळी धूळ आणि बाराही महिने विडी. खोकला आला की तो त्यातलाच म्हणून सोडून देतात. पुढे डाग दिसला की बेडका न तपासताच क्षयाची औषधे सुरू होतात. दरम्यान ऊसतोडीला जाणारे कुटुंब गाव सोडते. सहा महिन्यांनी परत येते तेव्हा डाग वाढलेला असतो. क्षय आपल्याकडे फार आहे, म्हणून प्रथम क्षयाची शंका घेणे योग्यच. परंतु शंका म्हणजे निदान नव्हे.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, ही तपासणी मोफत आहे. क्षयाची औषधे मध्येच सोडू नका. मात्र दोन महिन्यांनी फरक नसेल, तर "हा क्षयच आहे का?" असे डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा. जुना एक्स-रे कधीही टाकू नका. आपल्याकडे ती फिल्म ग्रहण पाहायला वापरतात; त्याने डोळ्यांना इजा होते आणि पुरावाही हरवतो. दोन वर्षे तसाच राहिलेला घट्ट डाग बहुधा निरुपद्रवी असतो, वाढणारा डाग संशयास्पद. हे जुन्या फिल्मशिवाय कळणार कसे? शस्त्रक्रिया ठरली तर विडी त्याच दिवशी बंद करा आणि तीन गोळ्यांच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम सुरू करा.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर जवळच आहे.

विद्यार्थी मित्रहो, २०२४ मध्ये हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तुमच्यापैकी काहींनी तिथे शिकून ही विद्या हस्तगत करावी, ही आमची अपेक्षा आहे. तोवर एक काम सर्वांना जमण्यासारखे आहे. घरी गेल्यावर आजी-आजोबांचा, आई-वडिलांचा जुना एक्स-रे शोधा, त्यावरची तारीख वाचा आणि तो कागदपत्रांच्या पिशवीत जपून ठेवा. कुणाचा खोकला लांबला असेल तर त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा.