रुग्णसेवा करणारें दांपत्य आणि घरांतील अधिकार



१८८६ सालीं पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याच सालच्या मार्चमध्यें, पुण्यांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली. आपल्या महोत्सवांत एका हिंदु बाईची कथा कशाला, असें कोणी विचारील. ससूनपासून लहानसहान दवाखान्यांपर्यंत चाकरी करणारीं जोडपीं आपल्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरचें एक दुखणें मला त्या कथेंत दिसतें, म्हणून.

गोपाळराव जोशी पोस्टांत कारकून. नवव्या वर्षीं लग्न झालेल्या पत्नीस त्यांनीं स्वतः शिकविलें, लोकनिंदा सोसली आणि १८८३ सालीं तिला एकटीला परदेशीं पाठविलें. एवढें करणारा पति त्या काळीं विरळाच. परंतु अभ्यासासाठीं त्यांनींच तिला लहानपणीं मारलेंही होतें. आणि तिकडे बाई थंडीनें व दुखण्यानें गांजलेल्या असतां इकडून टोंचणारीं पत्रें जात. एका पत्रांत बाईंनीं त्या मारहाणीची त्यांना आठवण दिली. पत्नी मोठी व्हावी हें गोपाळरावांस मनापासून हवें होतें; ती मोठी झाल्यावर हुकूम सोडणें मात्र त्यांना जड गेलें, असें मला वाटतें. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर नेमणूक होऊनही बाई रुजू होऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या पुण्यांतच निवर्तल्या.

पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं येथें सेवासदन काढलें. तेथें परिचारिकेच्या शिक्षणाकडे प्रथम ज्या वळल्या त्यांत विधवा होत्या. घरीं पतीचा शब्द व वॉर्डांत मेट्रनचा शब्द, असे दोन्ही झेलणारी विवाहित परिचारिका आपल्या समाजास त्या मानानें नवीनच.

आज पति दिवसपाळीस, पत्नी रात्रपाळीस. किल्ली शेजारच्या घरीं. पाळ्या जुळत नाहींत म्हणून मनें दुरावलीं, असें हीं जोडपीं सांगतात. मला हें अर्धेंच खरें वाटतें. पाळी बदलते, पण तिचा पगार कोणाच्या हातीं जावा, मुलाच्या तापासाठीं रजा कोणीं काढावी, हें एकट्यानेंच ठरविलें म्हणजे जी अढी बसते ती पाळी बदलून जात नाहीं. उलटही घडतें. पत्नी वॉर्डाची प्रमुख, पति वॉर्डबॉय. ती वॉर्डांतला स्वर घरीं आणते आणि तो जेवतांना बोलेनासा होतो. रात्रभर परक्यांना "फार दुखतें का?" म्हणून विचारणारीं हीं माणसें एकमेकांस मात्र तें विचारीत नाहींत.

पोप पायस अकरावे यांनीं १९३० च्या परिपत्रकांत पतीस मस्तक व पत्नीस हृदय म्हटलें, एवढें पुरुषमंडळींस पाठ असतें. पत्नीचें स्वातंत्र्य त्यामुळें नाहींसें होत नाहीं, हेंही तेथेंच आहे. तें सोयीनें विसरलें जातें. १९८८ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं तर, अधीनता दोघांनीं परस्परांची, असें इफिसकरांस पत्राच्या आधारें स्पष्ट केलें.

फादरांस एक विनंती. विवाहाच्या तयारीच्या वर्गांत पगार, रजा आणि पाळी हे विषय मोकळेपणानें निघावेत. वर्ग रविवारच्या मिस्सेनंतर मात्र ठेवूं नये. त्या वेळीं आपल्या कित्येक परिचारिका कामावर असतात.