परक्या भूमीतला वाढदिवस : वळीवडे छावणीची शिकवण
(कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



वाढदिवस कसा साजरा करावा, यावर आपल्या घरांमधून बराच खल होतो. तारखेने की तिथीने, औक्षण की केक, घरी की हॉटेलात, असे ते प्रश्न असतात. मुले-नातवंडे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात असली, की या प्रश्नांना निराळीच धार येते. तिकडे नातवाच्या वर्गातील मुले जमतात, पिझ्झा मागवला जातो आणि इकडे आजी संगणकाच्या पडद्यासमोर निरांजन ओवाळते. परक्या संस्कृतीत राहताना आपला दिवस आपला कसा ठेवायचा, हा आज असंख्य मराठी कुटुंबांपुढचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी न्यू जर्सीला किंवा लंडनला जाण्याचे कारण नाही. करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून काही किलोमीटरवर वळीवडे आहे. तेथे सुमारे पाच हजार परक्या माणसांना 1943 ते 1948 या काळात हाच प्रश्न पडला होता. फरक इतकाच की, त्या वेळी परके ते होते आणि त्यांचा परदेश म्हणजे आपले कोल्हापूर होते.

सैबेरिया ते पंचगंगा

ही माणसे पोलंडची. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि 17 सप्टेंबरला सोविएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटींनी त्याआधीच्या महिन्यातच परस्परांशी करार करून या देशाचे लचके वाटून घेतले होते. 10 फेब्रुवारी 1940 पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात आणि आर्खांगेल्स्कच्या जंगलांत पाठवली जाऊ लागली. तेथे उपासमार, थंडी आणि रोगराई यांनी किती जणांचा बळी घेतला, याची गणतीच नाही.

पुढे जून 1941 मध्ये जर्मनीने सोविएत संघावरच हल्ला केला आणि राजकारण फिरले. लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारशी मॉस्कोने 30 जुलै 1941 रोजी करार केला, कैदेतील पोलिश नागरिकांची सुटका झाली आणि 1942 मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. त्यांतील स्त्रिया आणि मुले यांना ठेवायचे कोठे? नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांसाठी जामनगरजवळ बालाचडी येथे छावणी उभारली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. कुटुंबांसाठीची मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात वळीवड्यास झाली. त्या वेळी करवीरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. 1943 च्या जून महिन्यात, ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी, पहिले पोलिश पाहुणे येथे उतरले.

बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. शाळा सुरू झाल्या, त्याही पोलिश भाषेतून. चर्च, रुग्णालय, चित्रपटगृह, दुकाने, बालवीरांची पथके असे एक लहानसे पोलंडच तेथे नांदू लागले. बहुसंख्य रहिवासी स्त्रिया आणि मुले होती. घरातील कर्ते पुरुष आघाडीवर लढत होते, किंवा सैबेरियाच्या बर्फाखाली कायमचे झोपले होते.

नावाचा दिवस

आता त्यांच्या वाढदिवसाकडे वळू. पोलिश समाजात जन्मतारखेपेक्षा ‘नावाच्या दिवसा’ला अधिक मान देण्याची जुनी रूढी आहे. त्यांच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसापुढे संतांची नावे छापलेली असतात. 19 मार्च हा युझेफचा, 26 जुलै आन्नाचा, 4 डिसेंबर बार्बाराचा. ज्याचे जे नाव, त्या संताचा दिवस हा त्याचा आनंदाचा दिवस. त्या दिवशी इष्टमित्र न बोलावता येतात, फुले देतात आणि एक गाणे म्हणतात. त्या गाण्याचे नाव ‘स्तो लात’. त्याचा अर्थ ‘शंभर वर्षे’. वडीलधाऱ्यांच्या पायावर डोके ठेवणाऱ्या मुलाला आपल्याकडे ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद मिळतो. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी लेकरांसाठी देवाकडे मागितलेला आकडा एकच आहे, ही मोठी हृद्य गोष्ट आहे.

या रूढीत एक शहाणपण दडलेले आहे आणि निर्वासिताच्या बाबतीत ते विशेष जाणवते. जन्मतारीख कोणाला ठाऊक असते? आईला, वडिलांना, फार तर आजीला. आई सैबेरियात गेली, कागदपत्रे वाटेत हरवली, तर त्या पोराचा वाढदिवसही हरवला. नावाच्या दिवसाचे तसे नाही. ज्याला मुलाचे नाव माहीत आहे, त्याला त्याचा दिवसही माहीत असतो. शेजारच्या बराकीतील बाई, शाळेतील मास्तर, चर्चमधील धर्मगुरू, बालवीर पथकातील सवंगडी, यांपैकी कोणीही 26 जुलैला आन्नाच्या दारात उभे राहू शकते. बालाचडीची छावणी 1946 मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलांपैकी अनेक जण वळीवड्यास आले. ज्यांना विचारायला आई उरली नव्हती, अशा मुलांच्या दृष्टीने या रूढीचे मोल काय असेल, याचा विचार करावा. जो दिवस साऱ्या समाजाच्या स्मरणात असतो, तो अनाथ मुलाचाही हरवत नाही.

राष्ट्राचा वाढदिवस

व्यक्तीप्रमाणे राष्ट्राचाही दिवस असतो. 1795 च्या तिसऱ्या फाळणीनंतर पोलंड हे नाव 123 वर्षे युरोपच्या नकाशावर नव्हते. 11 नोव्हेंबर 1918 हा त्याच्या पुनर्जन्माचा दिवस. 3 मे हा 1791 च्या राज्यघटनेचा दिवस. हे दोन्ही दिवस वळीवड्याच्या मातीत पाळले गेले. परंतु 1945 उजाडले आणि याल्टाच्या परिषदेत बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोविएत संघाच्या पदरात टाकला. छावणीतील बहुतेकांची गावे याच भागातली. युद्ध जिंकलेल्या पक्षाची ही माणसे, आणि तरीही त्यांची घरे गेली ती गेलीच. खुद्द पोलंडमध्ये नव्या साम्यवादी राजवटीने 11 नोव्हेंबर हा दिवस राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीतून काढून टाकला. तो परत यायला 1989 साल उजाडावे लागले. मायदेशात जो दिवस पुसला गेला, तो जगभर विखुरलेल्या या माणसांनी चार दशके मनात जपला.

त्याच बराकी, दुसरे निर्वासित

1948 मध्ये छावणी रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले. पुष्कळसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. काही येथेच कायमचे विसावले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. आणि त्याच बराकींत दुसरी माणसे राहायला आली. फाळणीने घरदार गमावलेले आपले सिंधी बांधव. पोलिशांच्या त्या छावणीचे आज गांधीनगर झाले आहे आणि तेथील कापडाची घाऊक बाजारपेठ साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला परिचित आहे.

या बांधवांचा सर्वांत मोठा सण चेटीचंड. तो उपास्य झुलेलाल यांचा जन्मदिवस, म्हणजे पुन्हा वाढदिवसच. आपल्या गुढीपाडव्याला लागूनच, चैत्र शुद्ध द्वितीयेला तो येतो. झुलेलाल हे जलदैवत. दीप प्रज्वलित करून बहराणा साहिब मिरवत पाण्याकाठी नेण्याची प्रथा आहे. सिंधू नदी सीमेपलीकडे राहिली म्हणून सिंधी माणसाने ही प्रथा सोडली नाही. जेथे तो गेला, तेथील पाण्याला त्याने सिंधू मानले. भूमी हातातून गेली तरी दिवस हातात ठेवता येतो, हे एकाच जागेवर दोन निर्वासित समाजांनी सिद्ध केले.

यजमानाचा धर्म

येथे कोल्हापूरकरांचे श्रेयही सांगितले पाहिजे. नाव बदला, भाषा टाका, आमच्या देवाला भजा, असे या भूमीने पोलिश पाहुण्यांना कधी सांगितले नाही. त्यांचा दिवस त्यांना त्यांच्या पद्धतीने साजरा करू दिला. ती माणसे हे विसरली नाहीत. 1998 मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. 2017 मध्ये वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक लागला आणि 21 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे जाऊन अभिवादन केले.

मग परदेशातील आपल्या कुटुंबांनी यातून काय घ्यावे? केक आणला म्हणून संस्कृती बुडत नाही आणि एकदा निरांजन ओवाळले म्हणून ती तरतही नाही. खरी अडचण वेगळी आहे. न्यू जर्सीतील नातवाची जन्मतिथी आज फक्त आजीला ठाऊक आहे. आजीमागे ती कोण सांगणार? दोन माणसांच्या आठवणीवर दिवस टिकत नाही. त्याला समाज लागतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभे आहे, ते या गरजेतूनच. तेव्हा मुलांच्या तिथ्या लिहून ठेवाव्यात, मुलांना त्या स्वतः मोजायला शिकवावे आणि औक्षणाच्या वेळी चार मराठी घरांबरोबर शेजारच्या परदेशी घरालाही आवर्जून बोलवावे. ताटातील दिवा, सुपारी, अक्षता यांचा अर्थ त्या शेजाऱ्याला सांगताना आपल्या मुलालाही तो नीट कळेल.

आणि जे येथेच आहेत, त्यांच्यासाठी दुसरी बाजू आहे. पोलिश घरांत नाताळच्या आदल्या सायंकाळी जेवणाच्या मेजावर एक ताट जास्तीचे मांडतात. अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी ते असते. आज शिरोलीच्या कारखान्यांत, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर परप्रांतांतून आलेले किती तरुण राबत आहेत. वसतिगृहांत पूर्वांचलातील विद्यार्थी राहतात. त्यांचाही वर्षातून एक दिवस असतो आणि तो बहुधा कोणाच्या लक्षात न येता मावळतो. आपल्या ओळखीतील अशा एका तरी मुलाला त्याचा दिवस विचारावा, तो लिहून ठेवावा आणि त्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवावे. वळीवड्याचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापूरला हे मुळीच जड नाही.